अल्बममध्ये न सापडणारं शेत: जुने फोटो आणि आठवणींतून गावाच्या शेतीचा इतिहास कसा जमवावा

घरातला जुना अल्बम काढा आणि त्यात शेत शोधा. लग्नाचे फोटो मिळतील, शाळेचा ग्रुप फोटो मिळेल. फेटा बांधून खुर्चीत ताठ बसलेले पणजोबा मिळतील, त्यांच्या मागं पडद्यावर रंगवलेला राजवाडा आणि बाजूला फुलदाणी. ज्या जमिनीवर हे घर पोसलं तिचा फोटो मात्र बहुधा नसतोच. खुरपणी, मळणी, मोटेचं पाणी, उसाची बांधणी ही रोजची कामं, त्यांच्यासाठी कोण रोल वाया घालवणार? फोटो काढायचा म्हणजे तालुक्याला जायचं, नवं धोतर नेसायचं आणि कामाचं काही अंगावर दिसू द्यायचं नाही, असा तो काळ.

महाराष्ट्राच्या शेतीचा इतिहास फोटोंतून जमवायला बसलेल्या माणसाला पहिली अडचण येते ती हीच. फोटोत दिसतं ते लोकांना दाखवायचं होतं तेवढंच. बाकीचं फोटोच्या कडेला, मागं, नाहीतर अजून हयात असलेल्या कुणाच्या तरी डोक्यात असतं. त्यामुळं फोटोकडं पुरावा म्हणून बघण्याआधी प्रश्न विचारण्याचं निमित्त म्हणून बघायचं. हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

पहिली पायरी: हद्द आखून घ्या

‘आमच्या जिल्ह्याचा शेतीचा इतिहास’ असा विषय घेतलात तर सहा महिन्यांत कंटाळाल. एक गाव घ्या, एक वाडी घ्या, एका कालव्याखालचं शिवार घ्या किंवा एकच पीक घ्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी शंभरेक वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एकाच गावाची बारकाईनं पाहणी केली. जमिनीचे तुकडे कसे पडले, कर्ज कुणावर किती, कोण काय पिकवतो, सगळं लिहून १९१७ साली छापलं. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथं उंच इमारती आहेत, आणि तिथल्या शेतीबद्दल एवढं नेमकं सांगता येतं ते कुणीतरी एका गावापुरतं मन लावून लिहिलं म्हणून.

आपला भाग कोणत्या राजवटीत होता हेही आधीच पाहून ठेवा, कारण कागदांची भाषा आणि माणसांच्या बोलण्यातले शब्द त्यावर ठरतात. पश्चिम महाराष्ट्र मुंबई इलाख्यात होता, मधेमधे औंध, सांगली, कोल्हापूर अशी संस्थानं. कोकणात खोत होते. पूर्व विदर्भात मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार, होते आणि त्यांनी राखलेले तलाव भंडारा-गोंदियाकडं आजही मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणून ओळखले जातात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथले जुने महसुली कागद उर्दूत आणि सन फसली. त्या भागातल्या फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो, शकात ७८ मिळवले की निघतो तसा. एवढं गणित वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी पायरी: फोटो कुठं असतात

अल्बम ही शेवटची जागा. सुरुवात भिंतीपासून करा. जुन्या घरात माजघराच्या तुळईखाली फोटोंची रांग असते, देवादिकांच्या शेजारी. मग ट्रंका, पत्र्याच्या पेट्या, पासबुकांच्या आणि सोसायटीच्या पावत्यांच्या पिशव्या. पीककर्जाच्या जुन्या फायलींत पासपोर्ट फोटो चिकटलेले असतात, आणि ज्या शेतमजुराचा दुसरा एकही फोटो नाही त्याचा तेवढा एक सापडतो.

गावाबाहेरही बघा. विकास सोसायटी, दूध डेअरी, साखर कारखाना यांच्याकडं उद्घाटनांचे फोटो असतात. सहकारी कारखान्यांच्या अहवालांत आणि रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत तर फोटोंचा खजिनाच असतो. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी कारखाना उभा राहिला, १९५० साली त्याचं गाळप सुरू झालं, आणि पुढं जिथं जिथं कारखाने निघाले तिथं मोळी टाकण्याचा समारंभ आणि त्याचा फोटो ठरलेलाच झाला. या फोटोंत पुढाऱ्यांच्या हारांकडं कमी आणि मागच्या गाड्यांकडं जास्त लक्ष द्या. ऊस कशातून आलाय, लाकडी चाकाच्या गाडीतून, टायरच्या गाडीतून की ट्रॉलीतून? मोळीजवळ उभी असलेली माणसं पायात काय घालून आहेत?

तालुक्याचा जुना फोटो स्टुडिओ विसरू नका. मालक गेले तरी मुलांकडं काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हची खोकी माळ्यावर पडलेली असतात. भंगारात जाण्याआधी कुणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद होतो.

तिसरी पायरी: हाताळणी

यात फार लिहिण्यासारखं नाही, पण इथं चूक झाली तर ती दुरुस्त होत नाही.

फोटो त्याच घरात, घरच्या माणसांसमोर स्कॅन करा. ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणून नेऊ नका. फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा, पाठीमागची बाजूही स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर फोन चालतो: खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात, फोटो सपाट ठेवून, बरोबर वरून. मूळ फाइल तशीच ठेवा, उजळणं-कापणं जे काय करायचं ते नकलेवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्याचा जीव जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या आणि वर प्लॅस्टिक असलेल्या अल्बममधले फोटो सुरीनं उचकटू नका. लॅमिनेशन तर नकोच. पाठीवर लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, अगदी हलकं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

आणि भिंतीवरच्या फोटोला चंदनाचा हार असतो, काचेवर गंध-कुंकवाचा टिळा असतो. तो पुसायला सांगू नका, स्वतः तर पुसू नकाच. टिळ्यासकट स्कॅन करा. हार बाजूला घ्यायचा का ते घरातल्या कर्त्या बाईला विचारा.

चौथी पायरी: काळ ओळखा

फोटोच्या मागं तारीख असेल तर आनंदच आहे, पण क्वचितच असते. घरचे सांगतात ते वर्षही अंदाजपंचे असतं. मग फोटोतूनच काळ काढायचा. हे काम मला सगळ्यात आवडतं, आणि थोडी सवय झाली की अवघड राहत नाही.

आधी फोटोचा कागद बघा. अगदी चौकोनी, पांढऱ्या कडेचा छोटा काळापांढरा फोटो असेल तर तो १२० रोलच्या साध्या कॅमेऱ्याचा असण्याची शक्यता मोठी. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक-थ्री साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांत पोचला होता, आणि त्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत. गावात असा कॅमेरा कुणाकडं होता, हा प्रश्न विचाराच. बहुधा मुंबईला गिरणीत असलेला चुलता, लष्करातून सुट्टीवर आलेला मुलगा किंवा शाळेचे गुरुजी. मग फोटो सुट्टीच्या दिवसांतलेच का आहेत तेही कळतं. दिवाळी आणि मे महिना सोडला तर गावाकडं कॅमेराच नव्हता, त्यामुळं पेरणीचा फोटो सापडणं जवळपास अशक्य. लालसर पडलेले रंगीत फोटो बहुतेक त्यानंतरचे.

मग पाठीवरचा स्टुडिओचा शिक्का. पत्त्यात पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर तो आजचा सांगली जिल्हा, आणि शिक्का १९४९ ते १९६० मधला. पूर्व आणि पश्चिम खानदेश ही नावंही १९६० नंतर जळगाव आणि धुळे झाली. कुलाब्याचं रायगड १९८१ मध्ये झालं. जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच वर्षीचे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. शिक्के लगेच बदलत नसत, जुना शिक्का शाई संपेपर्यंत चाले, म्हणून दोन-चार वर्षं इकडंतिकडं धरा.

आता फोटोच्या आत शिरा, आणि मधल्या माणसांना सोडून कडेला बघा. शाळेच्या पाटीवर ‘जिल्हा परिषद’ असेल तर फोटो १ मे १९६२ नंतरचा, जिल्हा परिषदा तेव्हा अस्तित्वात आल्या. त्याआधीच्या पाट्यांवर लोकल बोर्ड किंवा स्कूल बोर्ड दिसतं. भिंतीवर रंगवलेली निवडणुकीची खूण फार कामाची. काँग्रेसची बैलजोडी असेल तर १९६९च्या फुटीआधीचा फोटो, गाय-वासरू असेल तर सत्तरच्या दशकातला, हात असेल तर १९७८ किंवा त्यानंतरचा. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण साठच्या दशकाच्या अखेरीपासून भिंतीभिंतीवर दिसू लागला. ट्रॅक्टर किंवा जीपच्या नंबरप्लेटवर ‘एमएच’ असेल तर तो १९८९ नंतरचा. दुकानाच्या पाटीवर किंवा सिनेमाच्या तिकिटावर आणे असतील तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, त्या दिवशी दशमान नाणी आली, पण आण्याचा हिशेब लोकांच्या तोंडी पुढंही बरीच वर्षं राहिला.

यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूरकडचे असाल तर कापसासाठी टाकलेल्या शकुंतला रेल्वेचा फोटो हमखास निघेल. तिला वाफेचं इंजिन जोडलेलं दिसलं तर १९९४ किंवा त्याआधीचा फोटो. फोटोतली गाडी शंभर वर्षांपूर्वीची वाटते म्हणून फसू नका.

शेतीच्या खुणा या सगळ्यांहून बोलक्या असतात. विहिरीवर मोट आहे की इंजिनाची खोली? विजेचा खांब दिसतोय का? नांगर लाकडी की लोखंडी? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर १९०३ साली बनवला. तो विकायला मोठी अडचण पडली, कारण लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तेव्हा लाकडी नांगर दिसला म्हणून फोटो फार जुना असं होत नाही. एखाद्या घरी बापाच्या हट्टामुळं पुढं तीस-चाळीस वर्षं लाकडीच नांगर चालत राहिलेला असतो. नवी वस्तू दिसली तर फोटो अमुक सालानंतरचा हे सांगता येतं. जुनी वस्तू दिसली तर काहीच सिद्ध होत नाही. हा फरक नवख्याच्या पहिल्यांदा लक्षात येत नाही.

ज्वारीच्या ताटांची उंची बघा. माणूस बुडेल एवढी उंच असतील तर ती गावठी, मालदांडीसारखी. छातीएवढी बुटकी आणि कणसं एकसारखी असतील तर हायब्रीड, म्हणजे साठच्या दशकाच्या मध्यानंतरची. पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ मध्ये आली. आजीला विचारा, हायब्रीडची भाकरी कशी लागायची. ‘नुसती चिवट’ इथपासून ‘पण पोटाला मिळाली’ इथपर्यंत जे काय ऐकायला मिळेल ते कृषी खात्याच्या कुठल्याच अहवालात नाही. आणि कडब्याचं विचारा. ताटं बुटकी झाली तशी बैलांची वैरणही घटली, हे फोटोत दिसतं पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

पाचवी पायरी: माणसांना बोलतं करा

‘आबा, गावचा इतिहास सांगा’ असं म्हणालात तर आबा शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतील. त्यापेक्षा फोटो हातात द्या आणि गप्प बसा. मग ‘हे कुठं उभं राहून काढलाय?’ ‘मागची ती विहीर कुणाची?’ ‘हा बैल तुमचाच का?’ माणसांच्या आधी बैलाचं नाव आठवतं, आणि बैल आठवला की तो कोणत्या बाजारातून आणला, किती रुपयांना, कर्ज कुणाकडून काढलं, कोणत्या साली विकावा लागला हे आपोआप येतं.

वर्ष विचारू नका. वर्ष कुणालाच आठवत नाही, आणि शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर भिस्त ठेवाल तर अर्धं गाव १ जूनला जन्मलेलं निघेल. ती तारीख गुरुजींनी लावलेली. घटना विचारा. तुम्ही तेव्हा दुष्काळाच्या आधीचे की नंतरचे? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा केवढे होता? (११ डिसेंबर १९६७, पहाटे, साताऱ्या-सांगलीकडं तो विसरलेला माणूस नाही.) पानशेत फुटलं तेव्हा? म्हणजे १२ जुलै १९६१. मराठवाड्यात रझाकारांचे दिवस, किल्लारीचा भूकंप, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. नाशिककडं कांद्याचं आंदोलन, १९८०. फार जुन्या पिढीच्या तोंडून आलेलं असेल तर १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ. अशी दहा-बारा घटनांची यादी आपल्या भागापुरती करून वहीत चिकटवून ठेवा. महिना हवा असेल तर नक्षत्र विचारा. साल विसरलेला म्हातारा ‘मृगात पेरलं आणि हत्तीच्या पावसात झोपलं’ हे बिनचूक सांगतो, आणि तुम्हाला जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून जातात.

बायकांशी बोलायला वेगळा वेळ काढा. घरातले पुरुष समोर असले की आजी ‘मला काय कळतंय, यांनाच विचारा’ म्हणून आत जातात. दुपारी, भाकऱ्या झाल्यावर, शेंगा फोडत बसल्या असताना जा, शक्यतो तुमच्याबरोबर एखादी मुलगी किंवा सून असू द्या. बियाणं कोण राखायचं, मजुरी रोख मिळायची की धान्यात, पायलीनं की चिपट्यानं, बाळंत झाल्यावर किती दिवसांत शेतावर गेलात, हे सगळं त्यांच्याकडंच आहे. गावात पिठाची गिरणी कधी आली हेही विचारा, कारण गिरणी आली त्या दिवसापासून जात्यावरच्या ओव्या थांबायला लागल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत पाऊस, माहेर, बैल, सावकार सगळं आहे. एखाद्या आजींना ओवी आठवली तर मधे बोलू नका, अर्थ नंतर विचारा.

आता खरी अडचण. ज्यांच्या घरी फोटो आहेत त्यांच्याकडंच आपण आपोआप जातो, म्हणजे जमीन असलेल्यांकडं. सालगडी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, महारवाडा, मातंगवाडा, पारध्यांची पालं, यांच्याकडं फोटो नसतात. मग त्यांची शेती इतिहासात येतच नाही, आणि गावचा इतिहास चार वाड्यांचा इतिहास होऊन बसतो. यावर एक साधा उपाय: वाड्यातला फोटो घेऊन त्यांच्याकडं जा. खळ्याचा फोटो असेल तर विचारा, यात तुमचं कोण आहे? कडेला पाटी धरून अर्धवट कापली गेलेली बाई, बैलामागं पाठमोरा गडी, यांना वाड्यातल्या कुणी ओळखलेलं नसतं आणि इथं चटकन नावानं ओळखलं जातं. साल पाडव्याला ठरायचं की आखाजीला, वर्षाला धान्य किती, कपडे किती, उचल किती आणि ती फिटायची का, हे इथंच विचारा.

बोलणं रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घ्या आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती बोलून घ्या. लिहून काढताना बोली तशीच ठेवा. ‘व्हतं’चं ‘होतं’ करू नका. औताच्या भागांची, मोटेच्या दोरांची, मातीच्या पोतांची नावं दर वीस कोसांवर बदलतात. ती शुद्ध करत बसलात तर हाती काही राहणार नाही.

बहात्तरचा दुष्काळ: एक नमुना

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर बहात्तरपासून करा. पठारावरच्या बहुतेक गावांत त्याची आठवण असलेली माणसं अजून आहेत, आणि फोटो बरेच निघतात, कारण तेव्हा पत्रकार आणि पुढारी गावोगाव फिरत होते. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ मध्ये तो लागू झाला.

विचारण्यासारखं खूप आहे. सुकडी कशी लागायची? लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी थापता यायची का? मस्टरवर नाव कुणाचं लागायचं, नवऱ्याचं की बायकोचंही? कुणाची जनावरं छावणीत गेली, कुणी बाजारात मातीमोल विकली? आणि जो पाझर तलाव तेव्हा खणला त्यात आज पाणी कुणाच्या विहिरीला उतरतं? खणणारे आणि पाणी मिळवणारे एकच होते का, हा प्रश्न तलावाच्या आजच्या फोटोजवळ उभं राहून विचारा. उत्तरासाठी फार वेळ लागत नाही.

सहावी पायरी: कागदाशी ताळा

आठवण खोटी नसते, पण सरकते. दोन दुष्काळ एकात मिसळतात, आजोबांनी केलेलं वडिलांच्या नावावर जातं. कागद इथं उपयोगी पडतो.

सातबारा सगळ्यांना माहीत आहे, पण आपण त्यातला सात बघतो, मालक कोण ते. बारा म्हणजे पिकांची नोंद. जुने सातबारे काढलेत तर कोणत्या गटात कोणत्या वर्षी काय पेरलं होतं याची रांग लागते. ‘पूर्वी आमच्याकडं सगळा भुईमूग असायचा’ हे किती खरं ते तिथं कळतं. (तलाठ्यानं बांधावर न जाता चावडीत बसून पीकपाहणी लिहिली असेल, ही शंकाही मनात असू द्या.) फेरफारांत खरेदी, गहाण, वाटण्या, वारस सापडतात. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने उतारे स्कॅन करून ठेवलेत, बाकीचे तहसील कचेरीत अर्ज करून मिळतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळं म्हाताऱ्यांच्या तोंडचा नंबर आणि आजचा नंबर जुळत नाही. तो जुळवणारा तक्ता आधी मिळवा. जिल्ह्याची दर्शनिका, म्हणजे गॅझेटियर, जुनं आणि नवं दोन्ही वाचा. मुंबईचं आणि पुण्याचं पुराभिलेखागार ही पुढची पायरी, पहिल्या वर्षी तिकडं जायची घाई नको.

कुळकायद्याबद्दल मात्र सावध राहा. १९४८ चा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ ला त्या वेळच्या मुंबई कायद्याच्या भागात कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. ३२-म चं, म्हणजे कूळ मालक झाल्याचं, प्रमाणपत्र ज्यांच्या ट्रंकेत आहे त्यांच्या घरात ही जमीन ‘मिळाली’. गावात दुसरं एखादं घर असतं, बहुधा शहरात गेलेलं, त्यांच्या बोलण्यात तीच जमीन ‘गेली’. तिसराही कुणी असतो, ज्याचं नाव पीकपाहणीला कधी लागलंच नाही किंवा कायदा यायच्या आधीच त्याला जमिनीवरून उठवलं. तिघांची आठवण नोंदवा, तिन्ही शेजारी ठेवा, निकाल देऊ नका. यातल्या काही जमिनींचे दावे अजून कोर्टात असतात. तुमच्या रेकॉर्डिंगचा तिथं उपयोग होऊ शकतो हे बोलणाऱ्याला आधी सांगा. नावं, गट नंबर आणि बांधाची भांडणं छापायच्या मजकुरातून वगळा.

धरणाखाली गेलेल्या गावांचं काम वेगळ्या तातडीचं आहे. मुळशी, कोयना, जायकवाडी, उजनी यांच्या पाण्याखाली शिवारंच्या शिवारं गेली. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि फोटो काढायला गर्दी होते, पण देवळाभोवतीचं काळं रान कुणाचं होतं ते सांगणारी माणसं पुनर्वसित गावठाणांत विखुरलीत. त्यांना कागद-पेन्सिल देऊन गावाचा नकाशा काढायला सांगा: पाणवठा, खळी, मळे, पाणंद. दोघांनी काढलेले नकाशे जुळले नाहीत तर दोन्ही ठेवा.

सातवी पायरी: नोंद आणि मांडणी

प्रत्येक फोटोला एक क्रमांक आणि त्याची एक ओळ वहीत: कुणाकडून मिळाला, ठिकाण, अंदाजे साल, साल कशावरून ठरवलं, डावीकडून कोण कोण, कुणी सांगितलं, दाखवायची परवानगी आहे का. ‘साल कशावरून’ हा रकाना टाळू नका. ‘१९६५’ एवढंच लिहिलंत तर दहा वर्षांनी तुम्हालाही आठवणार नाही की ते पाटीवरून काढलं होतं की कुणाच्या अंदाजावरून. न ओळखलेल्या माणसापुढं ‘अनोळखी बाई’ असं लिहून विषय संपवू नका, रकाना कोरा सोडा. फाइलींच्या प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक गावाबाहेर.

मग गावात मांडा. जत्रेला, पारायणाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनाला, जेव्हा मुंबई-पुण्याची माणसं आलेली असतात. मोठ्या प्रती काढून दोरीवर लावा, प्रत्येकीखाली कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. लोक नावं लिहितात, दुसऱ्याची लिहिलेली खोडतात, वाद घालतात. खोडलेलं नाव आणि वर लिहिलेलं नाव दोन्ही वहीत उतरवून घ्या, आणि खोडणारा कोण तेही. ज्यांनी फोटो दिले त्यांना फ्रेम केलेली एकेक प्रत आधीच पोच करा, मांडणीच्या दिवसाची वाट बघू नका. आणि वाड्यातल्या खळ्याच्या फोटोची एक प्रत त्या कडेच्या पाटीवालीच्या नातवंडांनाही द्या, फोटो त्यांच्या मालकीचा नसला तरी.